'रन'चे ६४५ अर्थ डोक्यात मावतात कसे?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने एकाच क्रियापदात गेले. 'रन'. २०११ मध्ये नोंद पुरी झाली तेव्हा अर्थ भरले ६४५. तेही नुसत्या क्रियापदाचे. नाम म्हणून 'रन'चा संसार निराळाच. सर्वाधिक अर्थांचा मान पूर्वी 'सेट'कडे होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ दिले होते आणि ती एकटी नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. एवढ्यात एक बऱ्यापैकी कादंबरी होते. 'रन' तेव्हा 'सेट'च्या मागे होता.

इंग्रजी शिकणाऱ्या पोरांना अगदी सुरुवातीलाच भेटणारा हा शब्द. मग ज्यांची ती मातृभाषा आहे ते लोक ६४५ अर्थ पाठ करून ठेवतात की काय? मुळीच नाही. आणि ते का करावं लागत नाही, हीच यातली खरी मौज आहे.

आधी एवढे अर्थ आले कुठून ते पाहू. 'रन'च्या जुन्या जर्मॅनिक पूर्वजात धावणं आणि वाहणं दोन्ही होतं. त्यामुळे नदी, नळ, वाहतं नाक यांच्यासाठी 'रन' वापरणं ही कुणा कवीची करामत नाही. तो त्या शब्दाचा जुना घरचा अर्थ आहे. नंतर एका अर्थाला धरून दुसरा, दुसऱ्याला धरून तिसरा, असा पसारा वाढला. वाहतं पाणी, म्हणून धुण्यात वाहून जाणारा कपड्याचा रंग. धावणारा माणूस, म्हणून धावणारी गाडी, म्हणून त्या गाडीची ठरलेली फेरी, म्हणून ती फेरी चालवणारा धंदा. 'सेट'ला मागे टाकण्याचं एक कारण सांगितलं जातं ते यंत्रयुगाचं. इंजिनं, घड्याळं, गिरण्या, पुढे संगणकाचे प्रोग्रॅम, सगळ्यांना इंग्रजीत 'रन'च लागतं. 'सेट'च्या वाट्याला असं भाग्य आलं नाही.

क्रिकेटचं उदाहरण आपल्या अगदी ओळखीचं. फलंदाज दोन विकेटींच्या मध्ये धावतो म्हणून ती धाव. पण चौकार गेल्यावर कुणी धावत नाही, तरी फलकावर चार धावा लागतात. मूळची क्रिया गळून गेली, हिशेब तेवढा उरला. आणि मराठीनं शब्दाबरोबर ही न धावता मिळणारी धावही उचलली. ऐकताना आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

या साखळ्या सगळीकडे सारख्या वळत नाहीत. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. ब्रिटनमधला आपल्या उमेदवारासारखा निवडणुकीला उभा राहतो. इंग्रजाचं घड्याळ आणि दुकान धावतं, आपलं चालतं. आपलं तर नाटकही चालतं, खोटं नाणंही चालतं, आणि समोरच्याचं म्हणणं पटलं की आपण 'चालेल' म्हणून मोकळे होतो. तेव्हा इंग्रजीला हसायचं काही कारण नाही.

आता त्या ६४५ या आकड्याबद्दल. मला तो आकडा शब्दाइतकाच मोजणाऱ्याविषयी बोलणारा वाटतो. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८० च्या दशकात सुरू झालेला 'वर्डनेट' हा शब्दसंग्रह संगणकाच्या कामाचा. त्यात 'रन' क्रियापदाचे अर्थ चाळीसच्या आसपास आहेत. शब्द तोच, भाषा तीच. ऑक्सफर्डचा संपादक हजार वर्षांचे दाखले समोर ठेवून सुरी बारीक चालवतो. वर्डनेटवाले ढोबळ काप घेतात. १९९७ मध्ये ॲडम किलगॅरिफ या कोशशास्त्रज्ञानं तर आपल्या निबंधाचं शीर्षकच असं दिलं होतं की शब्दांच्या अर्थांवर माझा विश्वास नाही. त्याचा रोख असा: प्रत्यक्षात असतात ते शब्दाचे वापर. त्यांचे गठ्ठे कसे बांधायचे, हे ज्याच्या त्याच्या कामावर ठरतं.

डोक्यात काय घडतं याचा एक सुरेख प्रयोग मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना कानावर एक मजकूर ऐकवायचा. त्यात खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडल्याचं वाक्य. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, तसंच चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. 'बग' कानावर पडतो न पडतो तोच पडद्यावर एक अक्षरसमूह दाखवायचा आणि हा खरा शब्द आहे की नाही, हे विचारायचं. 'मुंगी' हा शब्द लोकांनी चटकन ओळखला, यात नवल नाही. पण 'गुप्तहेर' हा शब्दही तेवढ्याच चटकन ओळखला गेला! कोळी-झुरळांचा उल्लेख आधीच होऊन गेलेला असताना हेरगिरीचा अर्थही मनात जागा झाला होता. हीच चाचणी तीन अक्षरं उच्चारायला लागतात तेवढ्या वेळानं घेतली, तर फक्त 'मुंगी'लाच फायदा मिळाला. म्हणजे दोन्ही अर्थ दार उघडून बाहेर येतात, आणि नको असलेला अर्थ आपल्याला पत्ता लागायच्या आत परत जातो.

मात्र 'बग'चे हे दोन अर्थ एकमेकांपासून बरेच लांब आहेत. 'रन'चे बहुतेक अर्थ आपसांत नात्यातले. हा फरक मेंदूला कळतो. जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की 'बार्क'सारखे शब्द, ज्यांत झाडाची साल आणि कुत्र्याचं भुंकणं असे अजिबात संबंध नसलेले अर्थ योगायोगानं एकत्र आलेत, ते ओळखायला लोकांना जरा जास्त वेळ लागतो. उलट ज्या शब्दाला एकमेकांशी जोडलेल्या पुष्कळ छटा असतात तो लवकर ओळखला जातो. बिनसंबंधाचे अर्थ एकमेकांच्या पायात पाय घालतात. नात्यातले एकमेकांना हात देतात. 'रन'चा गोतावळा एवढा मोठा असूनही इंग्रजी माणूस अडखळत नाही, तो बहुधा याचमुळे.

पण भाषेनं प्रत्येक अर्थाला नवा शब्द का केला नाही? भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये एक नियम मांडला: शब्दाच्या अर्थांची संख्या साधारणपणे त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. शंभरपट जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दाला दहापट अर्थ. २०१२ मध्ये स्टीव्हन पियांटाडोसी, हॅरी टिली आणि एडवर्ड गिब्सन यांनी इंग्रजी, जर्मन आणि डच शब्द तपासले. आखूड, उच्चाराला सोपे, सतत तोंडात असलेले शब्दच जास्त अर्थ वाहतात, असं त्यांना आढळलं. त्यांचं स्पष्टीकरण सरळ आहे. आजूबाजूच्या शब्दांवरून, प्रसंगावरून अर्थ कळणारच असेल, तर तोच पुन्हा शब्दात कोंबणं वाया जातं. मग सोपा शब्दच पुन्हा पुन्हा वापरावा. बोलणाऱ्याची जीभ वाचते, आणि ऐकणाऱ्याला संदर्भ फुकटात मिळालेलाच असतो.

हा फुकटातला संदर्भ यंत्राला मात्र फार महाग पडला. १९६० मध्ये येहोशुआ बार-हिलेल यांनी यांत्रिक भाषांतराच्या वाटेत एक साधं वाक्य टाकलं: खेळण्यांची पेटी 'पेन'मध्ये होती. 'पेन' म्हणजे लेखणी, तसंच लहान मुलाला खेळायला केलेलं कुंपणही. लेखणीत पेटी मावत नाही, हे माणसाला सांगावं लागत नाही. यंत्राला ते कोण सांगणार, असा त्यांचा सवाल होता. पुढे कित्येक वर्षं संशोधक कोशातले क्रमांकित अर्थ यंत्राला शिकवत राहिले. हिंदी-मराठीची वर्डनेटं बनवणाऱ्या मुंबई आयआयटीतही या दिशेनं बरंच काम झालं. २०१३ च्या 'वर्डटूव्हेक' या पद्धतीत यंत्राला अर्थ कळावा म्हणून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक ओळ मिळाली, पण एकच. नदीचा, धंद्याचा, फलंदाजाचा 'रन' त्यात एकत्र कालवला जायचा.

२०१८ मध्ये 'बर्ट'सारखी संगणकाची भाषा-मॉडेलं आली आणि ही रीत बदलली. त्यांत शब्दाला कायमची ओळ नसते. भोवतालचं वाक्य बघून दर वेळी ती नव्यानं काढली जाते. हजारो वाक्यांतल्या 'रन'च्या अशा ओळी नकाशावर मांडल्या, तर जवळच्या अर्थांचे पुंजके दिसतात. वाहण्याचे एकीकडे, धंदा चालवण्याचे दुसरीकडे. पुंजक्यांच्या कडा मात्र एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक अर्थ संपून दुसरा कुठे सुरू झाला, ती रेघ अजूनही कोशाच्या संपादकालाच मारावी लागते.