यकृतातला अंश: कॅलिफोर्नियातल्या उंदीरनाशक-बंदीमागचा वाद

वॉर्फरिन हे रक्त गोठू न देणारं उंदीरनाशक १९४८ साली बाजारात आलं आणि दहा वर्षांतच स्कॉटलंडमधले उंदीर त्याला दाद देईनासे झाले. मग १९७० च्या दशकात ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफॅकम ही 'दुसऱ्या पिढीची' विषं आली. आधीचं विष उंदराला पुन्हा पुन्हा खावं लागे, यांचा एक घास पुरतो. उंदीर मरतो मात्र काही दिवसांनी. तोवर तो आमिष खातच राहतो आणि शेवटी सुस्त होऊन भरदिवसा उघड्यावर डुलत फिरतो. अशी आयती शिकार घुबड सोडत नाही. ब्रोडिफॅकम यकृतात महिनोन्महिने टिकतं. त्यामुळे दहा उंदरांतलं थोडंथोडं विष एकाच घुबडात साठत जातं.

कॅलिफोर्नियात वाद पेटला तो 'अंश' या शब्दावर. यकृतात विषाचा अंश सापडला, म्हणजे प्राणी विषानेच मेला का? उत्पादकांचा बचाव असा की नाही, गाडीखाली सापडलेल्या बॉबकॅटमध्येही (तिथलं एक रानमांजर) अंश निघतो. बचाव खोटा नाही, पण अपुरा आहे. अंश जास्त असलेल्या बॉबकॅटमध्ये जीवघेणी खरूज वारंवार दिसली होती. विष मारत नसेल, पण रोगाला वाट करून देत असेल, हा प्रश्न 'मृत्यूचं कारण' या रकान्यात मावतच नाही.

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातला पी-२२ हा प्यूमा (मार्जारकुळातला मोठा शिकारी प्राणी) २०१४ मध्ये असाच खरजेने पछाडलेला आढळला. तोंडावर खपल्या, अंगावरचे केस विस्कटून झडलेले. त्याला खरजेचं औषध आणि विषावर उतारा म्हणून 'के' जीवनसत्त्व देऊन सोडलं, तो वाचला. त्याचा फोटो या लढ्याचा चेहरा झाला. रक्तात सापडलेली विषं होती डायफॅसिनोन आणि क्लोरोफॅसिनोन, दोन्ही पहिल्या पिढीची, म्हणजे 'सौम्य' समजली जाणारी.

त्याच वर्षी जुलैत कॅलिफोर्नियात दुसऱ्या पिढीच्या विषांची विक्री परवानाधारकांपुरती मर्यादित झाली. तरी अंश सापडतच राहिले, कारण इमारतींबाहेरचे परवानाधारक व्यावसायिकांचे आमिषाचे डबे हलले नव्हते. २०२० च्या कायद्याने त्यांच्याही बहुतेक वापरावर बंदी आणली. शेती आणि सार्वजनिक आरोग्य मात्र वगळलं. पी-२२ च्या रक्तातली दोन्ही विषं त्या बंदीत नव्हतीच. डायफॅसिनोन २०२३ च्या कायद्यात आलं. क्लोरोफॅसिनोन आणि खुद्द वॉर्फरिन २०२४ च्या.

शेती वगळण्याचा मुद्दा आपल्याला जवळचा आहे. आपल्याकडे शेतात आधी झिंक फॉस्फाइड घालतात. ते मेलेल्या उंदराच्या मांसात साठून राहत नाही. त्यातून वाचलेल्या उंदरांसाठी नंतर ब्रोमाडायोलोनचं आमिष जिवंत बिळांत टाकतात, आणि ते मात्र साठतं. बांधावरची कापशी घार आणि गव्हाणी घुबड याच बिळांतल्या उंदरांवर जगतात. मेलेले उंदीर गोळा करून पुरावेत, अशी सूचना असते. बिळाबाहेर येऊन डुलणारा जिवंत उंदीर तिच्यात कुठेच बसत नाही.