मूत्राशयाचे स्नायू आणि अ‍ॅड्रेनर्जिक ग्राही

अ‍ॅड्रेनॅलीन व नॉरअ‍ॅड्रेनॅलीन यांना प्रतिसाद देणारी पेशीपटलावरील प्रथिने म्हणजे अ‍ॅड्रेनर्जिक ग्राही. १९४८ मध्ये रेमंड अल्क्विस्ट यांनी त्यांचे अल्फा व बीटा असे गट पाडले. मूत्राशयात हे दोन्ही गट असतात आणि त्यांची कामे परस्परविरुद्ध आहेत.

मूत्राशय भरत असताना कमरेच्या मज्जारज्जूतून आलेल्या अनुकंपी चेता (धावपळीसाठी शरीर सज्ज करणाऱ्या नसा) नॉरअ‍ॅड्रेनॅलीन सोडतात. भिंतीतल्या डेट्रूसर स्नायूत बीटा ग्राहींचे प्राबल्य असते. ते चेतले की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि स्नायू सैलावतो. मूत्राशयाच्या मानेशी व मूत्रमार्गाच्या आरंभी अल्फा गटातल्या अल्फा-१ या उपप्रकाराचे ग्राही जास्त असल्याने तिथला स्नायू त्याच रसायनाने आवळतो. लघवी बाहेर टाकणे हे परानुकंपी चेतांचे, म्हणजे अनुकंपी चेतांच्या उलट काम करणाऱ्या नसांचे काम.

प्रयोगशाळेत हे उघड दिसते. मूत्राशयाची बारीक पट्टी दोऱ्याने बांधून ३७ अंश सेल्सियसच्या क्रेब्ज द्रावणात (ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) टांगतात, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडतात. स्नायू आवळणारे कार्बाकॉल घालताच पट्टीचा ताण दाखवणारी आलेखाची रेघ वर चढते; मग बीटा ग्राही चेतवणारे आयसोप्रिनॅलीन घातले की ती हळूहळू उतरते. मात्र पट्टी कोणत्या प्राण्याची, हे आधी विचारावे. बीटा ग्राहींचेही उपप्रकार आहेत: सैलावण्याचे काम सशात मुख्यतः बीटा-२, कुत्र्यात व माणसात बीटा-३, तर उंदरात दोन्ही करतात. त्यामुळे सशावरचा निष्कर्ष थेट माणसाला लावणे धोक्याचे. बीटा-३ ग्राहीवर काम करणारे मिराबेग्रॉन हे माणसांचे औषध २०११ मध्ये प्रथम जपानमध्ये मंजूर झाले.

जनावरांच्या डॉक्टरांना या ग्राहींशी रोजचीच गाठ पडते. नसबंदीनंतर झोपेत लघवी गळणाऱ्या कुत्रीला फिनाइलप्रोपॅनोलामीन देतात. ते अल्फा ग्राही चेतवून मूत्रमार्ग आवळते, पण रक्तदाबही वाढवते. खड्याने लघवी तुंबलेला बैल पाठ वाकवून कुंथतो, पोटावर लाथा मारतो. खडा बहुधा मूत्रमार्गाच्या इंग्रजी एस आकाराच्या वळणात अडकतो, तिथे मूत्राशयाची मान सैल करून काही साधत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. अशा बैलाला गुंगीसाठी झायलाझीन देणेही टाळतात, कारण अल्फा-२ ग्राहींवर काम करणारे हे औषध लघवीचे प्रमाण वाढवते आणि आधीच ताणलेले मूत्राशय फुटण्याचा धोका असतो.