काढ्यात हरवलेले औषध

औषधी पाला हाती आला की आपल्या घरांत आधी पातेले चुलीवर चढते. हिवतापावरील आजच्या सर्वांत प्रभावी औषधाचा शोध काही काळ अडला तो अशाच सवयीमुळे.

व्हिएतनाम युद्धात जंगलात लढणारे सैनिक हिवतापाने बेजार झाले होते आणि क्लोरोक्विन या तेव्हाच्या नेहमीच्या औषधाला तेथील हिवतापाचे परजीवी दाद देत नव्हते. त्यामुळे उत्तर व्हिएतनामच्या मदतीसाठी चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त प्रकल्प हाती घेतला. तारखेवरूनच त्याला ‘५२३’ असे नाव पडले. १९६९ मध्ये प्रकल्पात आलेल्या संशोधिका यूयू तू यांनी जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून शेकडो उपाय गोळा केले. त्यांतील छिंगहाव, म्हणजे आर्टेमिसिया अॅनुआ या वनस्पतीचा अर्क उंदरांमध्ये कधी गुण देई, कधी देत नसे. अखेर चौथ्या शतकातील वैद्य गे होंग यांच्या ग्रंथातील एका ओळीकडे त्यांचे लक्ष गेले: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवावे, पिळावे आणि तो रस प्यावा. त्यात उकळण्याचा उल्लेखच नव्हता. आयुर्वेदातही स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटलेला गोळा), क्वाथ (उकळलेला काढा), हिम (थंड पाण्यात भिजवून काढलेला अर्क) आणि फांट (गरम पाण्यात भिजवून काढलेला अर्क) या औषध बनवण्याच्या कृती वेगवेगळ्या मानल्या आहेत. येथे क्वाथाऐवजी हिमाशी जवळची कृती हवी होती.

उष्णतेने औषधी रेणू बिघडत असावा, असे मानून तू यांनी सुमारे ३५ अंश सेल्सिअसलाच उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि त्यातील विषारी आम्लधर्मी भाग वेगळा केला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील सर्व परजीवी नाहीसे केले. पुढच्या वर्षी तू आणि दोन सहकाऱ्यांनी हा अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला, मगच तो हैनान बेटावरील रुग्णांना दिला. त्यातून वेगळे झालेले आर्टेमिसिनिन तू यांना २०१५ चे नोबेल मिळवून देणारे ठरले.

या रेणूतील दोन ऑक्सिजन अणूंचा पूल हे त्याचे खरे हत्यार आहे. लाल रक्तपेशीत शिरलेला परजीवी हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा त्यातील हीम हा लोहयुक्त भाग मोकळा होतो. त्याच्या संपर्कात हा पूल तुटतो आणि तयार झालेले अतिक्रियाशील कण परजीवीच्या अनेक प्रथिनांची एकाच वेळी नासधूस करतात. परजीवी आपल्याच जेवणाने मरतो, असे म्हटले तरी चालेल. मात्र हे औषध काही तासांतच शरीरातून निघून जाते, म्हणून मागे उरलेले परजीवी संपवण्यासाठी ल्युमेफँट्रिनसारखा दीर्घकाळ टिकणारा जोडीदार सोबत द्यावा लागतो. आर्टेमिसियाचा चहा पिऊन हिवताप बरा करण्याचा आग्रह मला धोकादायक वाटतो तो यामुळेच: पानांतील औषधाचे प्रमाण बदलते, मात्रा अपुरी पडते, जोडीदार नसतो आणि वाचलेले परजीवी प्रतिकाराच्या वाटेला लागतात. जागतिक आरोग्य संघटनाही असा वापर करू नये, असेच सांगते.

भारतातही या वनस्पतीवर काम झाले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने तिच्यापासून आर्टीथर हे इंजेक्शनने देता येणारे औषध विकसित केले.

प्रतिकाराची चिन्हे पश्चिम कंबोडियात दिसली आणि २०१४ मध्ये त्याचा संबंध परजीवीच्या के-१३ जनुकातील बदलांशी जोडला गेला. असे परजीवी कोवळ्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी गिळतात. हीम कमी, म्हणून औषध जागे होण्याचे प्रमाणही कमी. पुढे रवांडा आणि युगांडातही असे बदल आढळले, आणि हिवतापाचे बहुतेक मृत्यू आफ्रिकेतच होत असल्याने ही बातमी अधिक गंभीर होती.

म्हणून आता वेगळ्या मार्गाने मारणारे रेणू शोधले जात आहेत. त्यांतील गॅनाप्लॅसाइड वनस्पतीतून आलेला नाही. वीस लाखांहून अधिक रेणू चाळून त्याचा माग काढण्यात आला. आफ्रिकेत झालेल्या त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये जाहीर झाले आणि प्रचलित औषधापेक्षा तो कमी पडला नाही. त्याच्या सोबतीला जोडीदार मात्र जुनाच आहे, दिवसातून एकदा घेता येईल अशा नव्या रूपातला ल्युमेफँट्रिन.