वीस मिलिमीटरचा हिशोब

दिवाळीत भाचा गाडी घेऊन आला आणि अंगणात पाय ठेवायच्या आधीच त्यानं विचारलं, "मामा, हिला तीस एमएम खाली बसवली तर कशी दिसेल?" गाडी सेकंडहँड, नागपूरहून आणलेली पोलो जीटी टीएसआय. वरून साधी घरगुती हॅचबॅक, आत १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि अंगाचं वजन ११०० किलोच्या आसपास. अशी गाडी जमिनीला चिकटून वळणं घेते तेव्हा चालवणाऱ्याला काय वाटतं हे मला माहीत आहे. त्याची इच्छा मला अजिबात खुळचट वाटली नाही.

दारव्ह्याच्या वाटेवरच्या एका गॅरेजात त्यानं आधीच चौकशी केली होती. मिस्त्री म्हणाला होता, "नवी स्प्रिंग कायले घेता भाऊ, एक वेढा कापून टाकतो, अर्ध्या घंट्यात बसते गाडी खाली." बोलण्यात खोट नव्हती, गाडी खरंच खाली बसते. पण ती कशाच्या बदल्यात बसते हे मला भाच्याला दाखवायचं होतं, म्हणून आम्ही वही काढली.

आधी फायदा पाहू. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकतो, हे गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे त्यावर ठरतं. टायरची पकड भार वाढला की वाढते, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. दुप्पट भार दिला तर दुप्पट पकड मिळत नाही. म्हणून एका टायरवर खूप आणि दुसऱ्यावर थोडा असा भार पडला, तर दोघांची मिळून पकड कमी भरते. गुरुत्वमध्य ५४ सेंटिमीटरवर धरा. गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली तर सरकणारा भार साधारण साडेपाच टक्के कमी होतो. लाभ खरा आहे, पण तो सरळ प्रमाणात मिळतो: जेवढं खाली, तेवढाच.

आता स्प्रिंग. रॉबर्ट हुकनं १६७६ साली आपला नियम लॅटिन अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये तो उघड केला: जेवढा ताण तेवढं बळ. हिशोबासाठी आमच्या पुढच्या स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन धरला, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला ढोबळमानानं दोन किलोचा भार. पुढच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगवर सुमारे २९५ किलो येतात. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच ती स्प्रिंग १४५ मिलिमीटर दबलेली असते. अशा कोपऱ्याला धक्का देऊन सोडलं तर तो सेकंदाला १.३ वेळा वरखाली होतो. माणसाच्या शरीराला ही गती बरी वाटते, आपण चालतो त्या लयीपासून ती फार दूर नसते.

गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा कशावर ठरतो हे एकदा समजलं की मिस्त्रीच्या वेढ्याचं कोडं सुटतं. तारेची जाडी चौथ्या घातानं मोजली जाते: १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार घेतली तर स्प्रिंग जवळपास ३८ टक्के कडक होते. वेढे मात्र उलट चालतात. सहा कामाचे वेढे असताना एक कापला, तर उरलेली पाच वेढ्यांची स्प्रिंग वीस टक्के कडक होते, कारण तोच पीळ आता कमी तारेला सोसावा लागतो. कापल्यानं स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते. पण किती, हे कापणाऱ्याच्या हातात राहत नाही. त्यात गॅसकटर लावला तर ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते. स्प्रिंगचं पोलाद ज्या काळजीपूर्वक तापमानाला पाणी देऊन, पुन्हा तापवून चिवट केलेलं असतं, ती मेहनत कापल्या टोकाशी काही सेकंदांत वाया जाते. कापलेलं टोक खालच्या बशीत नीट बसतही नाही. स्प्रिंग कापू नये, या मतावर मी ठाम आहे.

कंपनीच्या तयार लोअरिंग स्प्रिंगा वेगळ्या असतात. त्या आखूड असतात, कडक असतात आणि बहुतेक वेळा त्यांचे वेढे एकसारख्या अंतरावर नसतात. एका टोकाला दाट गुंडाळी असते, तिचे वेढे भार आला की एकमेकांना टेकून गप्प होतात. ते कशासाठी, तेही वहीत निघालं. तीस टक्के कडक स्प्रिंग घेतली तर उभ्या गाडीखाली ती १११ मिलिमीटरच दबेल. म्हणजे लांबी तीच ठेवली तर गाडी उलट ३४ मिलिमीटर वर येईल! तिला ३० मिलिमीटर खाली न्यायचं तर स्प्रिंग ६४ मिलिमीटर आखूड हवी. आणि चाक हवेत लटकलं, शॉकअप पूर्ण उघडला, तेव्हा मूळ स्प्रिंगमध्ये दाब उरतो फक्त ६५ मिलिमीटरचा. शिल्लक एक मिलिमीटर. कापलेल्या स्प्रिंगच्या गाडीत खड्ड्यात चाक उतरताना खडखड आवाज येतो तो याचमुळे. स्प्रिंग बशीतून सुटून परत आपटत असते. दाट वेढे अशा वेळी उघडतात आणि स्प्रिंगला जागेवर धरून ठेवतात.

खरी महत्त्वाची गोष्ट मात्र पुढे आहे. उभ्या गाडीच्या पातळीपासून वर, रबरी बंप स्टॉपला टेकेपर्यंत, चाकाला समजा ८० मिलिमीटर प्रवास आहे. खड्ड्याचा, दगडाचा धक्का स्प्रिंग या प्रवासात गिळते. गिळलेली ऊर्जा प्रवासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मूळ स्प्रिंग ८० मिलिमीटरमध्ये ६४ ज्यूल गिळते. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली की उरले ५० मिलिमीटर, आणि तीस टक्के कडक करूनही हिशोब येतो साडेबत्तीस ज्यूल. निम्मी क्षमता गेली! ती भरून काढायची तर स्प्रिंग अडीच पटींहून जास्त कडक हवी, आणि मग ती गाडी कापसाच्या बैलबंडीसारखी चालेल. बंडीला स्प्रिंग नसते, धक्का थेट जुवापर्यंत पोचतो. मिळकत सरळ प्रमाणात आणि नुकसान वर्गानं. जर्मनीच्या गुळगुळीत रस्त्यावर ५० मिलिमीटरला कधी हातच लागत नाही, म्हणून तिथे तीस मिलिमीटरचा किट शोभतो. आपल्याकडे रोज लागतो.

आपल्या रस्त्यांचं आणखी एक आहे. कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, कारण तिच्यातली चिकणमाती पाणी आपल्या थरांत शोषून घेते. तिच्यावरचा डांबरी रस्ता काही वर्षांत लांब लांब लाटा धरतो. ताशी ८० किलोमीटरनं जाताना सतरा मीटर लांबीच्या लाटा मूळ गाडीला तिच्याच लयीत हलवतात. कडक केलेल्या गाडीची लय सेकंदाला दीड होते आणि तिला पंधरा मीटरच्या लाटा भिडतात. डोलणं आवरायचं काम शॉकअपचं. पण स्प्रिंग तीस टक्के कडक केली की त्याच शॉकअपचा आवर सुमारे बारा टक्के तोकडा पडतो. थकलेल्या शॉकअपवर नवी स्प्रिंग चढवणं म्हणजे पैसे घालून गाडी बिघडवणं. आम्ही शॉकअप आधी बदलले.

मग आम्ही टेप घेऊन गावच्या वेशीवर गेलो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा असतो. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४७ मीटर अंतर. एवढ्या रुंद कमानीवर चारही चाकं एकदम चढतात, त्यामुळे पोटाखाली कमानीचा फक्त साडेचार सेंटिमीटर फुगवटा येतो. आमच्या वेशीवरचा मात्र हातभर रुंद, काँक्रीटचा. टेपनं उंची भरली १३ सेंटिमीटर. पुढची चाकं ओलांडून गेली की तो अख्खा १३ सेंटिमीटर पोटाखाली उभा राहतो, आणि तिथंच इंजिनचं चेंबर, म्हणजे तेलाचं भांडं, असतं.

पोलोचं पोट रिकाम्या गाडीत जमिनीपासून साडेसोळा सेंटिमीटर धरलं. चारही स्प्रिंगा सारख्याच धरल्या तर एकटा चालवणारा बसल्यावर ते १५६ मिलिमीटर. गाडी ३० मिलिमीटर खाली केली तर उरतात १२८, म्हणजे भाचा एकटा असला तरी चेंबर घासणार. २० मिलिमीटर केली तर १३७, सात मिलिमीटरनं सुटणार. तिथंच निर्णय झाला: वीस मिलिमीटर, पंधरा टक्के कडक, दाट टोकाची. धक्का गिळण्याची क्षमता मूळच्या दोन तृतीयांश उरते, आणि चाक लटकलं तरी स्प्रिंगमध्ये २६ मिलिमीटर दाब शिल्लक राहतो. फार खाली जाऊ नका म्हणायला आणखी एक कारण आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या गाडीत खालचा आर्म चाकाकडे वर झुकला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि वळणावर अंग कलवणारा जोर उलट वाढतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, म्हणून आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना आधी विचारून घेतलं.

बसवायचं काम यवतमाळला केलं. मागच्या बाजूला सोपं आहे: शॉकअपचा खालचा बोल्ट काढून बीम जॅकवर हळूहळू उतरवला की स्प्रिंग हातानं निघते. पुढे मात्र स्ट्रट काढून स्प्रिंग कंप्रेसरमध्ये धरावी लागते. १२० मिलिमीटर दाबलेल्या मूळ स्प्रिंगमध्ये १४४ ज्यूल साठलेले असतात. दहा किलोचा दगड दीड मीटरवरून पडावा तेवढे. कंप्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर, सारखे आवळलेले हवेत, आणि वरचा नट सोडताना तोंड त्या रेषेत नको. गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही, खाली घोडी लावायची. ब्रेकचा पाइप ताणला जाऊ नये म्हणून स्ट्रटवरची क्लिप आधी मोकळी करायची. टॉप माउंटचं बेअरिंग हातानं फिरवून पाहिलं, खरखरत होतं, बदललं.

एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळतात. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर टेकली, गाडी आपल्या वजनानं बसली, की मगच शेवटचा पाना फिरवायचा.

चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर आम्ही त्याच दिवशी टेपनं मोजलं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. स्प्रिंगा थोड्या आणखी बसल्या होत्या. त्यानंतर अलाइनमेंट केलं; गाडी खाली आली की टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो आणि टायरची कड खाल्ली जाते. हेडलाइटची पातळीही नव्यानं लावली.

आता भाचा एकटा असला की वेशीवरचा गतिरोधक सुटतो. पाच जण बसले तर पोट १०८ मिलिमीटरवर येतं. मूळ स्प्रिंगांवर ते १२२ होतं, तेव्हाही १३ सेंटिमीटरला घासायचं. त्यामुळे माझी बहीण आणि तिच्या जावा पूर्वीसारख्याच तिथं उतरतात, गाडी पलीकडे गेली की पुन्हा बसतात.