घटपर्णीसाठी कुंडीतील माध्यम

घटपर्णी (नेपेंथिस) ही उष्ण कटिबंधातील कीटकभक्षी वेल कुंडीत वाढवताना मातीच्या जागी जे मिश्रण भरतात, त्याला ‘माध्यम’ म्हणतात. माती हा शब्द मुद्दाम टाळला जातो, कारण या मिश्रणात माती बहुधा नसतेच. बागेतली काळी माती, शेणखत, गांडूळखत असे जे जे गुलाब-जास्वंदीला मानवते, ते घटपर्णीला मारक ठरते.

याचे कारण वेलीच्या जीवनक्रमात आहे. पानाच्या टोकाशी लोंबणाऱ्या कलशात कीटक पडतात, तिथल्या पाचक रसात विरघळतात आणि त्यांतून नायट्रोजन व फॉस्फरस झाडाला मिळतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हुकर यांनी अंड्याचा पांढरा भाग, मांसाचे तुकडे असे पदार्थ कलशांत टाकून हे पचन तपासले आणि १८७४ मध्ये बेलफास्ट येथील व्याख्यानात ते मांडले. अन्नाची सोय अशी वरच झाल्यामुळे मुळांवर भार थोडा. ती काळी, केसासारखी बारीक, ठिसूळ आणि वेलीच्या पसाऱ्याच्या मानाने फारच कमी असतात. त्यांना सतत ओलावा लागतो आणि त्याच वेळी हवाही लागते. क्षारांचा मारा मात्र सोसत नाही. माध्यमाची निवड म्हणजे मुख्यतः हवेची निवड आहे. पाणी रोज घालता येते, पण दबलेल्या कुंडीत हवा मागाहून घालता येत नाही.

‘निसर्गात जशी माती, तशीच कुंडीत’ हा सल्ला इथे फसवा आहे. घटपर्णीच्या निरनिराळ्या जातींच्या अधिवासांची तऱ्हा एकसारखी नाही. मेघालयातील नेपेंथिस खासियाना गारो, खासी व जैंतिया टेकड्यांच्या उतारांवर वाढते. बोर्निओतील किनाबालू पर्वतावरची नेपेंथिस राजा सर्पेंटाइन खडकापासून झालेल्या, जड धातू असलेल्या जमिनीत. सारावाकमधील नेपेंथिस नॉर्थियाना चुनखडीच्या कड्यांवर. तर नेपेंथिस व्हीची झाडांच्या खोडांवरही आढळते. राजाच्या मुळांपाशी डोंगरातून थंड पाणी सतत झिरपत असते. तीच माती प्लॅस्टिकच्या कुंडीत भरली, तर महिन्याभरात तिची वीट होईल. म्हणून निरनिराळ्या अधिवासांतल्या जाती लागवडीत जवळपास एकाच प्रकारच्या मोकळ्या, आम्लधर्मी मिश्रणात वाढवल्या जातात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील काचगृहांत हेच ताडून लाकडी पट्ट्यांच्या टोपल्यांत तंतुमय पीट (दलदलीत अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) आणि स्फॅग्नम ही हरिता भरत असत.

स्फॅग्नम हा आजही सर्वांत भरवशाचा घटक. दलदलीत वाढणारी ही हरिता न्यूझीलंड व चिली येथून वाळवून येते. रोपवाटिकांत तिला नुसते ‘मॉस’ म्हणतात. तिच्या पानांत मृत, पोकळ, भोके असलेल्या पेशी असतात. त्यांमुळे ती स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरते आणि तरी धाग्यांमधल्या फटींतून हवा खेळत राहते. पाण्यातले क्षार घेऊन बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडल्यामुळे ती भोवताल आम्लधर्मी ठेवते. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे मॉस दाबून भरणे. भिजवून, पिळून, बोटांनी मोकळे करून ते सैल भरावे. मूठभर मिश्रण घट्ट पिळले असता चार-दोन थेंब पडावेत; धार लागली, तर भरड घटक कमी पडला असे समजावे.

हा भरड घटक म्हणजे बहुधा परलाइट. ज्वालामुखीजन्य काच सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवली की लाह्यांसारखी फुलते, तेच हे पांढरे खडे. निम्मे मॉस आणि निम्मे परलाइट हे सर्वांत साधे मिश्रण. परलाइटची धूळ छातीत जाते, म्हणून ते आधी ओले करून घ्यावे. प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखीय दगड), पाइनच्या सालीचे तुकडे, लाकडी कोळसा यांचाही उपयोग होतो. जपानी कानुमा हा तोचिगी प्रांतातल्या कानुमा शहराच्या नावाने ओळखला जाणारा आम्लधर्मी ज्वालामुखीय दगड उत्तम असला, तरी भारतात महाग पडतो. संगमरवराची खडी, चुनखडी आणि समुद्राची वाळू मात्र निषिद्ध.

महाराष्ट्रात खरा वाद आहे तो कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुकटीचा. स्वस्त, सहज मिळणारे, म्हणून पहिला हात तिकडेच जातो. नारळाच्या सोडणात सोडियम व पोटॅशियमचे क्षार असतात, आणि सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवली असली तर ते आणखी वाढतात. चांगल्या पाण्यात अनेकदा धुतल्याशिवाय ते वापरू नये. व्यावसायिक कारखान्यांत कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून सोडियम बाहेर काढतात. शिवाय भुकटी फार पाणी धरते आणि वर्षभरात चिखल होते. नारळच वापरायचा असेल, तर भुकटीपेक्षा सोडणाचे नखाएवढे तुकडे कितीतरी बरे.

प्रमाण शेवटी ठरते ते हवामानावर आणि माणसाच्या हातावर. रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात कुंडी आठवडेच्या आठवडे सुकत नाही. तिथे साल, कोळसा, परलाइट जास्त हवे. पुण्याच्या एप्रिलमध्ये तेच मिश्रण दुपारपर्यंत कोरडे ठणठणीत होते, म्हणून मॉस वाढवावे लागते. रोज पाणी घालण्याची खोड असणाऱ्याने भरड मिश्रण घ्यावे, विसरभोळ्याने मॉसचे.

कास पठारावरच्या दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती पाहून घटपर्णीलाही तसेच साचलेले पाणी हवे, असा समज होतो. त्या पावसाळी वनस्पती जांभ्यावरच्या पाणथळ, उथळ मातीत वाढतात. दवबिंदूची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवलेली चालते. घटपर्णी तशी ठेवली की खालची मुळे गुदमरतात. पाण्याचा दर्जाही माध्यमाइतकाच महत्त्वाचा. बोअरवेलचे जड पाणी रोज घातले, तर उत्तम मॉसही काही महिन्यांत क्षारांनी भरते आणि वर पांढरी पुटे दिसू लागतात. पावसाचे किंवा शुद्धीकरण यंत्राचे, दर लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेले पाणी वापरावे. मातीची कुंडी दिसायला छान, पण तिच्या भिंतीत क्षार साठतात. प्लॅस्टिकची जाळीदार कुंडी बरी.

मॉस दीड-दोन वर्षांत कुजून बसते, तेव्हा माध्यम बदलतात. कुंडी उलटल्यावर काळी मुळे पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि चांगली मुळे कापून टाकतात. काळा रंग हा त्यांचा मूळचाच. कुजलेले मूळ बोटात धरून ओढले की साल सुटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. कापायची ती तीच. उरलेली मुळे न झटकता, जुन्या मॉसच्या गोळ्यासह नव्या कुंडीत ठेवावीत.

दोन अनुभवी माणसांच्या कृती एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामागे बहुधा रोपांची जात असते. खासियाना आणि राजा या दोन्ही जाती आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या, म्हणजे सायटिसच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे रानातून आणलेल्या रोपांचा व्यापार बंद आहे. रोपवाटिकेत ‘अलाटा’ या दुसऱ्या जातीच्या नावाने मिळणारी वेल पुष्कळदा फिलिपीन्समधील व्हेंट्राटा ही संकरज असते. ती इतकी चिवट आहे, की धुतलेल्या कोकोपीटमध्येही वर्षानुवर्षे कलश धरते. तिच्यावर यशस्वी ठरलेले मिश्रण थंड डोंगरांतल्या राजाला दिले, तर ती ते क्वचितच सोसते.