एकच ब्लॉक, दोन इंजिनं : गाडीचं ३५० आणि बोटीचं ३५०

मुंबईहून ट्रेलरवर लादून आणलेली एक जुनी अमेरिकन स्पीडबोट सध्या नागपूरच्या वाडीतल्या एका शेडमध्ये उभी आहे. एकवीस फुटी, ऐंशीच्या दशकातली, आत मर्क्रूझरचं ५.७ लिटरचं २६० हॉर्सपॉवरचं इंजिन, मागे अल्फा वन ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद प्रॉपेलरपर्यंत नेणारा गिअरचा भाग. मालकाला ती रामटेकच्या खिंडसी तलावात उतरवायची आहे, पण त्याआधी इंजिन ‘जरा दमदार’ करायचं आहे. कोणीतरी त्याला गाडीसाठीचं कोरं ३५० इंजिन सुचवलं. पॉवर जास्त, किंमत कमी. फिटरचं मतही ठरलेलं होतं : “भाऊ, इंजिन तं इंजिनच राहते ना!”

फिटरचं अर्धं बरोबर आहे, आणि घोळ त्या अर्ध्यामुळेच होतो. शेवरलेचा स्मॉल ब्लॉक व्ही-८ आला १९५५ मध्ये, त्यातलं ३५० घन इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं रूप १९६७ मध्ये. मर्क्रूझर, व्होल्व्हो पेंटा, ओएमसी, क्रुसेडर यांपैकी कोणीही हा ब्लॉक स्वतः ओतला नाही. सगळ्यांनी जनरल मोटर्सकडून घेतला आणि त्याच्याभोवती आपापला संसार मांडला. त्यामुळे बोअर, पिस्टन, रिंग, बेअरिंग यांची मापं गाडीचीच. सिलिंडर बोअर करणं, क्रँक घासणं ही कामं चांगल्या मशीन शॉपमध्ये डोळे झाकून द्यावीत. इथवर गाडीचं आणि बोटीचं ३५० म्हणजे सख्खे भाऊ.

फरक पडतो तो त्यांच्या राबण्यात. गाडी सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाने धावते तेव्हा इंजिनाच्या ताकदीचा लहानसा हिस्साच खर्च होतो, आणि ॲक्सिलरेटर सोडला की गाडी घरंगळते, इंजिन श्वास घेतं. पाण्यात घरंगळणं नाही. प्रॉपेलरला प्रत्येक क्षणी पाणी ढकलायचं असतं. छिंदवाड्याच्या रस्त्यावरचा सिल्लेवानी घाट भरल्या गाडीने चढत राहावा आणि घाटमाथा कधी येऊच नये, तशी ही ड्युटी. म्हणून बोटीच्या इंजिनाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त उष्णता सोसणारे देतात, आणि ताकद वरच्या आरपीएमवर न शोधता मधल्या पट्ट्यात ठेवतात. जुन्या २६० वाल्याची फुल थ्रॉटलची मर्यादा ४४०० ते ४८०० आरपीएम आहे. गाडीचं गरम कॅमवालं इंजिन (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; गरम म्हणजे वरच्या आरपीएमसाठी घडवलेला) ज्या ५५००-६००० वर आपली जाहिरातीतली पॉवर देतं, तिथे ही बोट कधी पोचणारच नाही. कागदावरच्या जादा हॉर्सपॉवरचे पैसे मोजायचे आणि ते वापरायचेच नाहीत, हा व्यवहार मला तरी समजत नाही.

कॅमचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, आणि गॅरेजमध्ये तो कोणाच्या डोक्यातही येत नाही. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये मुद्दाम पाणी सोडलेलं असतं. इंजिन थंड करून आलेलं पाणी रायझरच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या वर चढणाऱ्या नळीच्या, पुढे धुरात मिसळतं आणि दोन्ही मिळून बाहेर पडतात. आता कॅमचा ओव्हरलॅप मोठा असेल, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहत असतील, तर आयडलिंगला धूर बाहेर जाता जाता उलटा खेचला जातो. त्याच्यासोबत पाण्याचा तुषारही आत. आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गंज चढतो, मग कॉम्प्रेशन पडतं. जास्त पाणी गेलं तर पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनाचा जो ‘धड-धड’ आवाज गाडीत कानाला गोड लागतो, तोच इथे धोक्याची खूण आहे. बोटीच्या कॅममध्ये ओव्हरलॅप कमी ठेवतात, लोब (कॅमवरचे उंचवटे) एकमेकांपासून ११२ ते ११४ अंश लांब ठेवतात, ते यासाठीच.

याहून महत्त्वाचे भाग ते, जे दोन्हीकडे हुबेहूब सारखे दिसतात. सेल्फ, अल्टरनेटर, डेल्को (डिस्ट्रिब्युटर), कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर अनुभवी माणूसही गोंधळेल. पण गाडीखाली मोकळी हवा असते. सांडलेलं पेट्रोल उडून जातं. बोटीचं इंजिन मात्र बंद पेटीत बसलेलं असतं आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाच्या बिल्जमध्ये साचून राहते. तिथे गाडीचा सेल्फ फिरला आणि आतल्या ब्रशची ठिणगी त्या वाफेला लागली, की पुढचं सांगायला नको. बोटीचे सेल्फ, अल्टरनेटर आणि डेल्को असे बनवलेले असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू शकत नाही.

कार्ब्युरेटर जवळून बघा. गाडीच्या कार्ब्युरेटरवर फ्लोट चेंबरच्या हवेच्या नळ्या सरळ वर उघडतात. पेट्रोल अडवणारी नीडल अडकली की पेट्रोल उतू जाऊन बाहेर ओघळतं. बोटीच्या कार्ब्युरेटरवर त्याच नळ्या इंग्रजी ‘जे’सारख्या वाकवून तोंड आत केलेलं असतं. उतू गेलेलं पेट्रोल घशात पडतं, इंजिन गुदमरून बंद पडतं, बिल्ज मात्र कोरडी राहते. पंपाचंही तसंच : बोटीच्या पंपात दोन पडदे, आणि पहिला फाटला तर पेट्रोल एका पारदर्शक नळीतून कार्ब्युरेटरकडे जातं. नळीत पेट्रोल दिसलं की समजावं, पंप बदलायची वेळ झाली. वर एअर फिल्टरच्या जागी फ्लेम अरेस्टर, म्हणजे इंजिनातला भडका बाहेर येऊ न देणारी जाळी. अमेरिकेत पेट्रोलच्या इनबोर्ड इंजिनांवर तो १९४० पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे कोणी तपासो न तपासो, हे सगळे भाग बोटीचेच हवेत. इथे काटकसर नको.

आपल्या पंपावरचं पेट्रोल आता ई-२० असतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं, आणि मर्क्युरीसारखे उत्पादक दहा टक्क्यांवर इथेनॉल नको म्हणतात. ऐंशीच्या दशकातले रबरी पाइप आणि डायफ्रॅम त्याला टिकत नाहीत. इंजिन उतरवलंच आहे तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचं सगळं रबर बदलावं. ऑक्टेनची चिंता मात्र नको. आपली ऑक्टेन मोजायची पद्धत वेगळी आहे. आपलं ई-२० आधीचं ९१ सुद्धा अमेरिकन पंपावरच्या ८७ च्या आसपास यायचं आणि या इंजिनाला तेवढंच लागतं. फक्त जादा कॉम्प्रेशनचे पिस्टन टाकायच्या फंदात पडू नये.

थंडाव्याच्या बाबतीत नागपूरकर नशीबवान. खिंडसीचं पाणी गोडं. बोटीच्या इंजिनात पितळी कोअर प्लग (ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या चकत्या) आणि स्टेनलेसचे हेड गॅस्केट देतात ते मुख्यतः खाऱ्या पाण्यासाठी. गाडीचे पोलादी प्लग समुद्रात लवकर कुजतात, तळ्यात बरेच दिवस काढतात. तरी प्लग बदलून घ्यावेत, कारण किंमत किरकोळ आणि नंतर हात पोचत नाही. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्याने पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर झिजतो, तेवढं लक्ष असू द्यावं. आणि शेडमध्ये पाण्याची नळी न लावता ‘फक्त एकदा सुरू करून बघू’ म्हणणाऱ्याला किल्लीच देऊ नये. कोरडा इंपेलर बघता बघता जळतो.

एक अडचण मात्र पैसे देऊन झाल्यावर कळते. १९८६ च्या सुमारास या ब्लॉकचं मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं होतं ते एका तुकड्याचं झालं. त्याबरोबर फ्लायव्हीलच्या बोल्टचं वर्तुळ आणि बॅलन्सही बदलला. जुन्या बोटीचं फ्लायव्हील नव्या इंजिनावर बसत नाही, आणि बळजबरीने बसवलं तर हादरे देतं. ऑर्डर करण्याआधी जुन्या ब्लॉकवरचे कास्टिंग नंबर वाचावेत. दोन इनबोर्ड इंजिनांच्या काही जुन्या बोटींत एक इंजिन उलटं फिरणारं असतं. तिथे तर सेल्फ, कॅम आणि सील सगळंच निराळं.

मग करायचं काय? माझं मत सरळ आहे. गाडीचं लाँग ब्लॉक (हेडसकट, पण बाहेरच्या जोडण्यांशिवायचं इंजिन) घ्या, हरकत नाही. पण कॅम आणि कोअर प्लग बोटीचे टाका आणि बाहेर लटकणारं सगळं जुन्या इंजिनावरचं किंवा बोटीचंच चढवा. हे सगळं जमवल्यावर किमतीतला फरक बराचसा संपतो, म्हणून हिशेब आधी मांडावा. पॉवरची हाव ३०० च्या आसपास थांबवावी, कारण अल्फा वन ड्राइव्हचे गिअर त्यापुढे फार काळ साथ देत नाहीत. शिवाय पाण्यावर तरंगत धावणाऱ्या बोटीचा वेग साधारणपणे पॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २६० वर ताशी ८० किलोमीटर जाणारी बोट ३०० वर ८६ च्या आसपास जाईल आणि ३५० वर ९३. त्या शेवटच्या सातांसाठी ड्राइव्ह बदलावा लागेल.

उलट प्रॉपेलर तपासणं स्वस्त पडतं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे, तिथेच इंजिनाची तीनेक टक्के ताकद जाते. मे महिन्यात हवा विरळ होऊन आणखी थोडी. मुंबईत बरोबर बसलेला प्रॉपेलर इथे किंचित जड पडू शकतो. नेहमीएवढी माणसं बसवून फुल थ्रॉटल द्यावं आणि टॅकोमीटर बघावा. ४४०० पर्यंत पोचत नसेल तर पिच (प्रॉपेलर एका फेरीत जेवढा पुढे सरकतो ते अंतर) कमी करावा; एक इंच पिचमागे दीडशे ते दोनशे आरपीएमचा फरक पडतो.