वेगळ्या इमारतींचा जुना वाद

चौकटीबाहेरची एखादी इमारत उभी राहू लागली की सांगलीत काय किंवा साताऱ्यात काय, पहिला शेरा ठरलेला असतो: ‘हे आपल्याकडचं वाटत नाही.’ हा आक्षेप किमान सव्वाशे वर्षे जुना आहे. आयफेल टॉवरच्या पायाचे काम नुकतेच सुरू झाले असताना, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पॅरिसमधील नामवंत लेखक-कलावंतांनी वृत्तपत्रातून त्याचा जाहीर निषेध केला होता. त्याच शहरात नळ आणि सरकते जिने दर्शनी बाजूला काढलेले पाँपिदू कलाकेंद्र १९७७ मध्ये खुले झाले, तेव्हा त्याला तेलशुद्धीकरण कारखाना म्हणून हिणवले गेले. पुढे मात्र दोन्हींकडे रांगा लागू लागल्या.

डोळ्यांना खटकण्यातून उपजलेला वाद असा सवयीने विरतो. खर्चाचा वाद मात्र इतका सहज मिटत नाही. सिडनीच्या ऑपेरा हाऊससाठी १९५७ मध्ये यॉर्न उट्झन यांचा आराखडा निवडला गेला, सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर गेला, आणि सरकारशी बिनसल्याने १९६६ मध्ये काम सोडून गेलेल्या उट्झन यांनी १९७३ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही.

आपल्याकडे हा वाद बहुतेकदा इमारत पाडायची वेळ आल्यावर पेटतो. दिल्लीच्या प्रगती मैदानावरील हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन त्याचे ठळक उदाहरण. वास्तुविशारद राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांनी १९७२ मध्ये पोलादाऐवजी काँक्रीटचा, जागेवरच हातांनी ओतलेला विशाल जाळीदार सांगाडा उभारला. वारसा ठरण्यासाठी इमारत ६० वर्षांची हवी, या निकषात ती बसली नाही आणि एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडली गेली. अहमदाबादच्या आयआयएममधील वास्तुविशारद लुई कान यांनी आखलेली वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव जगभरातून विरोध झाल्यावर जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला, तरी गळती आणि तडे गेलेल्या विटा ही संस्थेची तक्रार काही खोटी नव्हती, आणि पुढच्याच वर्षी तो विषय पुन्हा वर आला.

वाद पाहण्यावरून आहे की राहण्या-वापरण्यावरून, हे आधी ठरवायला हवे. सांगलीत पश्चिमेकडे तोंड केलेला काचेचा दर्शनी भाग मे महिन्यात काय ताप देतो, किंवा तळघरातली पार्किंग पूररेषेच्या किती खाली आहे, यावर मात्र आपण फारसे भांडत नाही. (जुने वाडे तर कोणताही वाद न होता उतरले.) १९२९ चा दगडी कमानींचा आयर्विन पूल आता सांगलीकरांच्या बोलण्यात इतका मुरला आहे, की कृष्णेला पाणी चढले की प्रश्न एवढाच असतो: ‘आयर्विनला किती फूट?’ दिल्लीची ती ६० वर्षांची मोजपट्टी इथे लावली, तर हा पूल तिच्यात सहज बसतो; १९९० नंतर सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत कोणी धाडसाने काही वेगळे बांधले असेल, तर ते २०५० पर्यंत तरी तिच्या बाहेरच राहील.